तबकडीवर नसलेली नावं

काही वर्षांपूर्वी पुण्याहून पणजीला येताना आमची रात्रीची बस निपाणीत बिघडली. दुसरी बस यायला दोन तास तरी लागतील असं ड्रायव्हरने सांगितलं आणि सगळे प्रवासी चहाच्या गाड्याभोवती जमले. गोव्याकडे येणाऱ्याला निपाणी म्हणजे फाटा. इथून एक रस्ता आजऱ्यावरून आंबोली घाटाने खाली उतरतो, दुसरा बेळगाव करून चोर्ल्याने. एरवी आपला निपाणीशी संबंध तंबाखूपुरता आणि सीमाप्रश्नाच्या बातम्यांपुरता.

लग्नसराईचे दिवस होते. थोड्या वेळाने लांबून बँडचा आवाज आला आणि एक वरात सरकत सरकत आमच्यापर्यंत पोहोचली. डोक्यावर दिव्यांची झाडं घेतलेल्या बायका, मागे जनरेटरची गाडी, पुढे नाचणारी पोरं. आणि बँड वाजवत होता ‘ईना मीना डीका’!

हे गाणं १९५७ सालच्या ‘आशा’ चित्रपटातलं, सी. रामचंद्रांचं. नाचणाऱ्या पोरांच्या आजोबांच्या तरुणपणातलं. पण माझं लक्ष वेधलं ते ट्रंपेटवाल्याने. साठीचा बारीकसा माणूस. गाण्याच्या ओळी त्याने क्लॅरिनेटवर सोपवल्या होत्या आणि स्वतः तो वाजवत होता ते ओळींच्या मधले तुकडे. गाणारा थांबला की पितळी वाद्यं मुसंडी मारून येतात ना, ते. बँडवाले एरवी तिथे नुसता ढोल बडवून वेळ काढतात. हा माणूस मात्र एकही तुकडा सोडत नव्हता. वरात चौकात थांबली तेव्हा मी पुढे होऊन विचारलं, “मामा, हे मधलं कुठं शिकलात?”

“रेकॉर्डवरनं,” तो म्हणाला. “गाण्यात हाय ते सगळं वाजवायचं. नुसती चाल वाजिवली तर गाणं अर्धंच की हो.”

वरात पुढे गेली. आमची दुसरी बस आली. पण ‘गाणं अर्धंच की’ हे वाक्य माझ्याबरोबर घाट उतरून गोव्यात आलं. त्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल आज लिहायचं आहे. कारण मित्रहो, तो अर्धा भाग बऱ्याच अंशी आपल्या गोव्याचा आहे, आणि आपण मराठी वाचणाऱ्या गोवेकरांनी त्याची फारशी दखल घेतलेली नाही.

बेळगावात मी दोन वर्षं शिकायला होतो. त्यात नवल काही नाही. आमच्या आधीच्या पिढ्यांतले कितीतरी गोवेकर इंग्रजी शिक्षणासाठी बेळगावला गेले. १८५६ साली जेझुइटांनी सुरू केलेल्या तिथल्या सेंट पॉल शाळेत गोव्याची मुलं शिकत आली. गोवा पोर्तुगालकडे होता तोवर बेळगाव हे आपलं पलीकडचं सर्वांत जवळचं मोठं शहर. मडगावहून निघालेली गाडी कुळेपर्यंत पोर्तुगीज हद्दीत, मग घाट चढून कॅसलरॉक, तिथे जकातीची तपासणी, पुढे लोंढा, बेळगाव, मिरज आणि पुणे. पुण्याला गाडी बदलून मुंबई. मुरगाव ते कॅसलरॉक हा मीटरगेज मार्ग १८८८ साली पुरा झाला आणि तेव्हापासून गोव्याचा आचारी, शिंपी, खलाशी आणि वाजंत्री या वाटेने ब्रिटिश हिंदुस्थानात जाऊ लागला. काही आगबोटीने जात, पण रेल्वेने जाणाऱ्याला बेळगाव चुकत नसे. १९५५ मध्ये भारताने गोव्याची नाकेबंदी केली आणि ही रेल्वेही तुटली. ती जोडली गेली गोवा मुक्त झाल्यावर, १९६१ नंतर.

या गाडीत व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन बसलेला सतरा-अठरा वर्षांचा सासष्टीचा किंवा बारदेशचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. त्याला इंग्रजी जेमतेम येतं, हिंदी येत नाही. पण समोर नोटेशनचा कागद ठेवला तर तो आधी कधी न ऐकलेलं संगीत पहिल्याच दमात वाजवून दाखवतो. ही विद्या त्याला चर्चच्या पारोकियाल शाळेत मिळालेली असे. पोर्तुगीज काळात गावोगावच्या या शाळांत ‘मेस्त’ मुलांना सोल्फेज शिकवी. सुरांची नावं म्हणायची, हाताने ताल मोजायचा, मग व्हायोलिन. हेतू एवढाच की चर्चमधल्या गायनाला आणि फेस्ताला वाजवणारे तयार व्हावेत. आपल्याकडे देवळात भजनी मंडळातून जशी पोरं तयार होत, तसंच हे. फरक इतकाच, की त्यांचं संगीत कागदावर लिहिलेलं होतं. आणि कागदावरचं संगीत वाचता येणाऱ्या माणसाला मुंबईत, पुण्यात, मसुरीत, लाहोरला, रंगूनला, लष्करी बँडपासून सिनेमाच्या मूकपटापर्यंत कुठेही काम मिळत असे.

मुंबईत उतरल्यावर तो धोबीतलावच्या किंवा कावेलच्या आपल्या गावच्या ‘कुडी’त पथारी टाकी. प्रिन्सेस स्ट्रीटवर आल्फ्रेड नावाचं एक रेस्टॉरंट होतं. तिथे हे वादक जमत आणि कामं मिळत.

याच सुमारास त्यांच्या कानावर जॅझ पडला. १९३५ साली लिऑन ॲबी हा अमेरिकन कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागून क्रिकेट स्मिथ हा ट्रंपेटवाला, मग टेडी वेदरफर्ड हा पियानोवाला. ज्या हॉटेलात गिऱ्हाईक बहुतेक गोरं, तिथे हे काळे कलावंत सगळ्यांना नाचवत होते. गोव्याच्या पोरांनी त्यांच्याकडून जॅझ उचलला. कुणी त्यांच्याच बँडमध्ये शिरून, कुणी तबकड्या पुन्हा पुन्हा लावून. हळदोण्याचे आंतोनियो शावियर वाझ (१९१६–१९६७) हे ‘चिक चॉकलेट’ झाले आणि त्यांना लोक हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड (१९१९–२००७) वेदरफर्डच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवू लागले. मोंबासात जन्मलेले मिकी कुरैय १९३९ पासून सुमारे एकवीस वर्षं ताजमध्ये आपला बँड चालवत होते.

जॅझची एक रीत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. या संगीतात प्रत्येक वादकाला आपलं असं काही मांडायला जागा असते, आणि म्हणून कोण वाजवतंय याला महत्त्व असतं. १९३६ साली पॅरिसमध्ये शार्ल दलोने या रसिकाने ‘हॉट डिस्कोग्राफी’ नावाचं पुस्तक काढलं. त्यात जॅझच्या एकेका तबकडीवर कुणी कुठलं वाद्य वाजवलं त्याची नोंद होती. ढोल वाजवणाऱ्याचंसुद्धा नाव! पुढे जॅझच्या लाँगप्ले तबकड्यांच्या पाठीवर अशी यादी छापणं हा रिवाजच झाला. तर अशा संगीतात हात बसलेली ही आपली माणसं होती.

मग दोन गोष्टी घडल्या. १९४७ ची फाळणी झाली आणि लाहोरसारख्या शहरांतल्या हॉटेलांचे बँड मोडले. लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात स्वतःचा बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसोझा मुंबईला आले. आणि १९४९ मध्ये मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. गोरं गिऱ्हाईक गेलेलं, दारू गेलेली, नाचाची रात्र संपलेली. शेकडो वादक रिकामे झाले. त्याच वेळी हिंदी चित्रपटांचं संगीत मोठं होऊ पाहत होतं. पाच-सात वाद्यांवर भागत होतं तिथे तीस-चाळीस व्हायोलिनं लागू लागली. हॉटेलातली माणसं स्टुडिओत आली. रात्री मिळेल तिथे जॅझ, दिवसा सिनेमा.

आता हे ध्वनिमुद्रण कसं चाले ते पाहा. संगीतकार पेटीवर चाल बांधी. गीतकाराचे शब्द त्यावर बसत. ही चाल म्हणजे निपाणीच्या मामांच्या हिशेबाने अर्धं गाणं. मग सहायक किंवा ‘अरेंजर’ कामाला लागे. चाल कागदावर उतरवायची, सुरुवातीचा तुकडा कुठल्या वाद्यांनी करायचा, दोन कडव्यांमध्ये काय वाजवायचं, गायिका एका सुरावर थांबते तिथे मागून चेलोने कुठली दुसरी सुरावट न्यायची, हे सगळं ठरवून प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद लिहायचा. ताडदेव किंवा महालक्ष्मीच्या स्टुडिओत सकाळी वादक जमत. कागद हातात पडे तो तिथेच. तालमी होत, सुधारणा होत, आणि मग गायक-वादक सगळ्यांचं मिळून एकदम ध्वनिमुद्रण. एका व्हायोलिनचा गज चुकला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

या कामात सेबॅस्टियन डिसोझांचा हात कुणी धरू शकत नसे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सुमारे वीस वर्षं ते शंकर-जयकिशन यांचे अरेंजर होते. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत व्हायोलिनांचा जो भव्य ताफा ऐकू येतो, गायकाच्या सुराला समांतर चालणाऱ्या ज्या सुरावटी ऐकू येतात, त्यांचं लेखन बहुतांशी त्यांचं. ताल सांभाळायला दत्ताराम वाडकर होते. तेही गोव्याचेच. त्यांचा ठेका ‘दत्ताराम ठेका’ म्हणूनच ओळखला गेला. चिक चॉकलेट सी. रामचंद्रांचे सहायक झाले. १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये तर ते आपल्या बँडसह पडद्यावरच दिसतात. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचा मराठी गळा आणि हळदोण्याच्या वाझांचा जॅझ यांच्या संगतीने त्या वर्षांत हिंदी गाणं नाचू लागलं. ‘ईना मीना डीका’त तर दोन कोंकणी शब्दही शिरले आहेत. आपल्याला ते ऐकताक्षणी कळतात, बाकीच्या देशाला ते निरर्थक वाटतात.

आणि माजोर्ड्याचे आंतोनी गोन्साल्विस (१९२७–२०१२). व्हायोलिनवादक, अरेंजर आणि शिक्षक. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची गाठ घालायचा त्यांना ध्यास होता. त्यासाठी त्यांनी सारंग रागात कन्सर्टो लिहिला आणि १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात मोठा वाद्यवृंद उभा केला. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. १९६५ मध्ये ते अमेरिकेला गेले, पुढे परत येऊन माजोर्ड्यात राहिले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त अमिताभ बच्चन ज्या नावाने अंड्यातून बाहेर येतो, ते नाव प्यारेलालांनी गुरूची आठवण म्हणून घातलेलं. देशातल्या पोरासोरांना ते नाव पाठ झालं. तो खरा माणूस माजोर्ड्यात राहतो हे मात्र गोव्यातही थोड्यांनाच ठाऊक होतं.

या वादकांचा मोठा गुण म्हणजे त्यांना काहीही वाजवता येई. सकाळी भजनाच्या मागे व्हायोलिन, दुपारी कॅबरे, संध्याकाळी एखाद्या मराठी भावगीताचा तुकडा, रात्री हॉटेलात जॅझ, रविवारी चर्च. गोवेकरच नव्हेत, पारशी कावस लॉर्ड आणि त्यांचे चिरंजीव केरसी लॉर्ड (१९३५–२०१६) हेही याच जातीचे. ‘हम दोनो’मध्ये (१९६१) देव आनंदच्या लायटरच्या धुनेशी नातं सांगणारे ग्लॉकनस्पीलचे टणत्कार केरसींचे आणि ‘आराधना’तल्या (१९६९) ‘रूप तेरा मस्ताना’मधला ॲकॉर्डियनही त्यांचाच. ढोलापासून सिंथेसायझरपर्यंत हा माणूस सगळं हाताळत असे.

पण हाच गुण त्यांना भोवला असं मला वाटतं. आमच्या ओळखीचे एक म्हातारे बाब होते, स्टुडिओत तीस वर्षं व्हायोला वाजवलेले. निवृत्त होऊन गावी आले होते. मी त्यांना एकदा मोठ्या उत्साहाने विचारलं, “तुम्ही कुठल्या कुठल्या गाण्यांत वाजवलंय?” ते हसले. म्हणाले, “कागदावर गाण्याचं नाव नसे रे. नंबर असे.” मग थोडं थांबून म्हणाले, “रेडिओवर एखादं गाणं लागलं की बोटं आपोआप हलतात. तेव्हा कळतं, अरे, हे आपण वाजवलेलं.” ज्याची एकच खास शैली असते त्याला आपण दोन सुरांत ओळखतो. ज्याला मागाल ती शैली वाजवता येते, त्याला ओळखायचं कसं? छापील नावाशिवाय इलाज नाही. आणि नाव तर छापलंच जात नव्हतं.

बेळगावात कँपातल्या एका जुन्या दुरुस्तीच्या दुकानात मी विद्यार्थी असताना तबकड्या चाळत बसायचो. एका तबकडीला तीन मिनिटं एका बाजूला. लेबलवर चित्रपटाचं नाव, गायकाचं, संगीतकाराचं. ते तरी कधीपासून? १९४९ च्या ‘महल’मधल्या ‘आएगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. गाणारी होती लता मंगेशकर! रेडिओवर लोकांनी चौकश्या केल्या, पुढे लताबाईंनी आग्रह धरला आणि गायकांची नावं छापली जाऊ लागली. भांडणारा मोठा होता म्हणून ते जमलं. चाळीस व्हायोलिनवाल्यांतला सव्विसावा कुणाशी भांडणार?

त्याच बेळगावातलं एक दुसरं उदाहरण आठवतं. पंडित रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) हे हार्मोनियमवादक. तेही साथीचेच कलावंत. मोठमोठ्या गवयांना त्यांनी साथ केली आणि बेळगावात बसून शिष्यांची मोठी फळी उभी केली. त्यांचं नाव राहिलं. कारण शास्त्रीय संगीतात साथीदार गवयाच्या शेजारी बसतो, लोकांना दिसतो, निवेदक त्याचं नाव घेतो आणि गवई मैफलीत त्याला दाद देतो. आपली परंपरा साथीदाराला विसरणारी आहे असं म्हणायला म्हणूनच जागा नाही. स्टुडिओच्या काचेआड मात्र ती परंपरा पोहोचली नाही.

एक अपवाद सांगितलाच पाहिजे. १९६८ साली शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ ही लाँगप्ले तबकडी आली. तोडी, भैरव, मालकंस, कलावती, शिवरंजनी, भैरवी अशा अकरा रागांवरचं जॅझ. गाणारा कुणी नाही, सगळे वादकच. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर कलकत्त्याहून आलेले मनोहारी सिंग, ट्रंपेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गुदिन्हो, गिटारवर आनिबाल कास्त्रो आणि दिलीप नाईक, तबल्यावर रमाकांत. लंडनमध्ये जो हॅरियट आणि मूळ कलकत्त्याचे जॉन मेयर यांचे असे प्रयोग याच्या दोनेक वर्षं आधी सुरू झाले होते, पण मुंबईच्या स्टुडिओतल्या माणसांनी केलेला हा प्रयोग वेगळाच. ऐकून बघा. काही तुकडे सिनेमातल्यासारखे घाईने उरकतात, हे खरं. पण तोडीच्या कोमल सुरांवर ट्रंपेट जेव्हा दबकत पाऊल टाकतो, तेव्हा कळतं की ही माणसं वर्षानुवर्षं गाण्यांच्या मागे उभी राहून दोन्ही भाषा शिकली होती. फ्रँक फर्नांड सांगत, की १९४६ मध्ये मसुरीला गांधीजींना पाहिल्यापासून आपल्या जॅझमध्ये हिंदुस्थानी काही यावं असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्या इच्छेचं एक रूप या तबकडीत दिसतं. आणि कोणी काय वाजवलं हे आज सांगता येतं ते दलोनेच्या रिवाजामुळे, कारण तबकडी जॅझची होती. हीच माणसं त्याच आठवड्यात ज्या गाण्यांत वाजवत होती, तिथे ती पुन्हा निनावी.

अमेरिकेतही असंच होतं, हे कळल्यावर मला जरा हायसं वाटलं होतं. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांमागे तेच ते दहा-बारा वादक होते. बहुतेक जॅझमधून आलेले. त्यांची नावं तबकडीवर पहिल्यांदा छापली गेली ती १९७१ मध्ये, मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. पण तिथे पुढे पुस्तकं निघाली, २००२ मध्ये त्यांच्यावर चित्रपट आला. आपल्याकडे मुंबईच्या स्टुडिओ वादकांच्या मुलाखती घेऊन पहिलं भरीव पुस्तक लिहिलं ते न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या ग्रेगरी बूथ यांनी, २००८ साली. गंमत अशी, की त्याआधी तीन वर्षं याच माणसाने आपल्या वरातीच्या बँडवाल्यांवर पुस्तक लिहिलं होतं. निपाणीच्या मामांपासून ताडदेवच्या स्टुडिओपर्यंतची वाट एका परदेशी अभ्यासकाला दिसली, आणि त्या वाटेवर रोज ये-जा करणाऱ्या आपल्याला दिसली नाही. २०१२ मध्ये नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ आलं आणि मुंबईच्या जॅझच्या या माणसांना नावं-चेहरे मिळाले. तेही इंग्रजीत.

२०१२ मध्येच आणखी एक गोष्ट झाली. कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा वाटा मिळाला, कलावंतांच्या हक्कांनाही बळ आलं. पण त्याच दुरुस्तीत ‘कलावंत’ कोण याच्या व्याख्येला एक परंतुक जोडलं गेलं. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ वा आनुषंगिक असेल आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीसकट कुठेच दिलं जात नसेल, त्याला कलावंत धरायचं नाही. कामाची विटंबना झाली तर तक्रार करता येईल, एवढाच हक्क. हे कलम मुख्यतः गर्दीतल्या माणसांसाठी असेलही. वादकाचं काम आनुषंगिक म्हणायचं की नाही, यावर वकील वाद घालतील. पण त्यातला दुसरा भाग वाचून मी चरकलो. नाव द्यायचा रिवाज नव्हता, हीच बाब हक्क नसण्याची एक अट होऊन बसली!

आता थोडं आपल्याबद्दल. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ मंगेशकर ही नावं आपण गोव्याचे म्हणून मिरवतो. योग्यच आहे. संगीत नाटक, बैठक, भजन हा आपला वारसा असं आपण शाळेपासून ऐकतो. पण सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, आंतोनी गोन्साल्विस ही नावं आपल्या मराठी लेखांत, आपल्या संमेलनांत किती वेळा येतात? ते ‘त्यांचं’ संगीत, फेस्ताचं, बँडचं, नाचाचं, असं म्हणून आपण बाजूला ठेवलं. आणि त्याच वेळी ज्या हिंदी-मराठी गाण्यांवर आपण वाढलो, त्यांच्यात हेच संगीत वाजत होतं. आपण ते ऐकत होतो, गुणगुणत होतो, फक्त कुणाचं ते विचारत नव्हतो.

कोंकणीवाल्यांनी या बाबतीत आपल्यापेक्षा बरं केलं. ख्रिस पेरी (१९२८–२००२) आणि लॉर्ना यांची गाणी लोकांनी जपली. त्यांच्या सुरांवर बेतलेला बार्ड्रॉय बार्रेटो यांचा ‘नाचुया कुंपासार’ हा चित्रपट २०१४ मध्ये आला, तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी थिएटरात डोळे पुसले. फ्रँक फर्नांड यांनी तर ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे कोंकणी चित्रपटच काढले. मुंबईत दुसऱ्यांच्या गाण्यांचे तुकडे भरणाऱ्या या माणसांनी आपल्या भाषेत मात्र पुरं गाणं केलं. नावानिशी.

१९८० नंतर स्टुडिओतली ती चाळीस व्हायोलिनं हळूहळू घटली. प्रत्येक वाद्य वेगळं ध्वनिमुद्रित करता येऊ लागलं, मग एका सिंथेसायझरमध्येच सगळा ताफा मावू लागला. वादक गावी परतले. कुणाच्या बाल्कांवात बसून त्यांनी पेपर वाचले, कुणी मुलांना व्हायोलिन शिकवलं. त्यांच्यातले बहुतेक आता नाहीत. पण त्यांच्या पेट्या, काही कागद, एखादा फोटो अजून घरांत असेल. वाड्यावर कुणी ‘सिनेमात वाजवायचे’ असं ऐकलं असेल तर त्यांच्या घरी एकदा जाऊन या. नाव, गाव, वाद्य, आणि आठवत असतील ती गाणी, एवढं लिहून घेतलं तरी पुष्कळ. माझ्या ओळखीच्या त्या व्हायोलावाल्या बाबांकडून मी ते वेळेवर लिहून घेतलं नाही. बोटं हलतात तेव्हा कुठलं गाणं चालू असतं, एवढं जरी टिपलं असतं तरी चाललं असतं.

आणि निपाणीचे ते मामा. ज्यांच्या भागात हलगी, सनई, संबळ पिढ्यान्‌पिढ्या कानावर येते, अशा गावचा हा माणूस. नोटेशनशी संबंध नाही. तबकडी लावायची, ऐकायचं, पुन्हा लावायची. ताडदेवला कुणा गोवेकराने कागदावर लिहिलेला तुकडा त्याने नुसत्या कानाने उचलला आणि साठ वर्षांनंतर निपाणीच्या चौकात जसाच्या तसा ठेवला. तो कुणी लिहिला हे त्याला ठाऊक नव्हतं, पण तो गाळायचा नाही हे पक्कं ठाऊक होतं. मुंबईच्या एका निनावी वादकाची आठवण सीमाभागातल्या दुसऱ्या एका वादकाने अशी सांभाळलेली.

बस सुटल्यावर, संकेश्वर मागे पडल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी त्याला एवढं विचारलं, चहा पाजला, पाठ थोपटली, पण त्याचं नाव विचारलंच नाही. त्यानंतर दोनदा निपाणीवरून गेलो. दोन्ही वेळा उतरून चौकशी केली. बँडवाले पुष्कळ भेटले, तो भेटला नाही. पुढच्या लग्नसराईत पुन्हा जाणार आहे.